डॅशबोर्ड उघडण्याआधी: गाडीची कूलिंग कॉइल किंवा हीटर कॉइल घरी बदलता येते का?

मार्चमध्ये एसीचा गॅस भरला आणि मे उजाडेपर्यंत गाडी पुन्हा गरम हवा फेकू लागली. शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला झाला. गॅरेजवाल्याने काच पुसता पुसता सांगून टाकले, "कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." मजुरीचा आकडा ऐकून गाडीमालक घरी आला, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि त्याला वाटले, हे तर आपल्यालाही जमेल. दर उन्हाळ्यात असंख्य वाचक हेच प्रश्न घेऊन येतात. कॉइल खरेच गळते का? ती घरी बदलता येते का? येत असेल तर कुठपर्यंत आपण जायचे आणि कुठे थांबायचे?

थोडक्यात उत्तर असे. निदान घरी करता येते आणि तुम्ही ते करायलाच हवे. हाताला अवजारांची सवय असेल तर हीटर कॉइल घरी बदलता येते. कूलिंग कॉइल काढण्या-बसवण्याचे काम घरी होऊ शकते, पण गॅस काढणे आणि भरणे हे यंत्राचे काम आहे, ते घरी करू नका. आणि गळती कुठे आहे हे सिद्ध झाल्याशिवाय डॅशबोर्डचा एकही स्क्रू सैल करू नका.

दोन कॉइल, एकच डबा

डॅशबोर्डच्या मागे प्लॅस्टिकचा एक मोठा डबा असतो. त्यात ब्लोअर, हवेची दिशा बदलणारे फ्लॅप आणि दोन जाळीदार कॉइल बसवलेल्या असतात.

- कूलिंग कॉइल: हिच्यातून एसीचा गॅस फिरतो. बहुतेक गाड्यांत हा गॅस आर-१३४ए असतो. तो वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो आणि उकळताना केबिनच्या हवेतली उष्णता शोषून घेतो.
- हीटर कॉइल: हा छोटा रेडिएटरच. इंजिनातले गरम कूलंट हिच्यातून जाते. सुट्या भागांच्या दुकानात 'हीटर कोर' म्हणून मागितलीत तरी हीच मिळेल.

दोन्ही एकाच डब्यात असल्यामुळे एक बदलताना दुसरीपर्यंतही हात पोहोचतो. म्हणून डबा उघडलाच तर दोन्ही कॉइल, फोमच्या पट्ट्या आणि फ्लॅप एकदमच तपासून घ्यावेत. मात्र अनेक गाड्यांत पूर्ण डबा बाहेर काढायचा तर एसीचे पाइप सोडवावेच लागतात. म्हणजे काम हीटर कॉइलचे असले तरी गॅस आधी काढून घ्यावा लागतो. तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पहिल्यांदा वाचायचे ते यासाठी.

सगळ्या गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावाच लागतो असे नाही. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत कूलिंग युनिट हा ग्लोव्ह बॉक्समागचा वेगळा डबा होता आणि ग्लोव्ह बॉक्स काढून त्याच्यापर्यंत जाता येई. आजच्याही काही मॉडेलमध्ये डब्याच्या बाजूला झाकण असते आणि हीटर कॉइल तिथूनच सरकवून काढता येते. याच्या उलट, कित्येक गाड्यांत स्टिअरिंग कॉलम खाली सोडून, आतला लोखंडी बीम उचलल्याशिवाय डबा हलत नाही.

ओला गालिचा: आधी हे तपासा

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ओल्या गालिच्याची कारणे निदान तीन असतात आणि त्यांतली दोन जवळजवळ फुकटात दुरुस्त होतात.

1. स्वच्छ, वास नसलेले पाणी, एसी चालवल्यावरच: गार पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमावेत तसे हवेतले बाष्प कूलिंग कॉइलवर जमते आणि एका नळीतून गाडीखाली ठिबकते. दमट मुंबईत एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसणे हे तब्येत चांगली असल्याचे लक्षण आहे. ते पाणी बाहेर न पडता आत आले, तर नळी पानांनी किंवा चिखलाने तुंबली आहे. ती खालून मऊ नळीने हलकेच मोकळी करा. तार खुपसू नका.
2. पाणी, पण पावसानंतरच, एसी बंद असतानाही: पुढच्या काचेखालच्या जाळीत साचलेली पाने पाण्याची वाट अडवतात आणि पाणी ब्लोअरवाटे आत उतरते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत जुलैमध्ये हे हमखास होते. कचरा काढला की काम झाले.
3. चिकट, रंगीत, गोडसर वासाचे द्रव: हे कूलंट. सोबत काचेवर आतून तेलकट धुके येते, बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरत जाते आणि हीटर लावला की वास वाढतो. ही हीटर कॉइलची किंवा तिच्या जोडाची गळती.

पांढरा टिश्यू कागद गालिच्यावर दाबून पाहा. कागदावर रंग आणि बोटांना चिकटपणा आला तर तिसरे कारण धरा. चव घेऊन मात्र पाहू नका. कूलंटमधला इथिलीन ग्लायकॉल विषारी असतो.

'कॉइल लीक' हे निदान मान्य करण्याआधी

गॅस कमी होणे म्हणजे कॉइल फुटणे नव्हे. निरोगी यंत्रणेतूनही रबरी नळ्या आणि कंप्रेसरच्या सीलमधून वर्षाला काही ग्रॅम गॅस झिरपतो. पण काही आठवड्यांतच एसी बसत असेल, तर गळती नक्की आहे. ती कुठे आहे, एवढाच प्रश्न उरतो. कॉइलचा नंबर शेवटी लावा, कारण तिथे पोहोचणे सर्वांत महाग असते.

- कंडेन्सर: रेडिएटरच्या पुढे असल्याने त्याला दगड लागतात. त्याच्या जाळीवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का ते पाहा.
- गॅस भरण्याच्या पिना: टोपण काढून पिनेवर साबणाचे पाणी टाका. बुडबुडे आले तर दोष त्या छोट्या पिनेचा आहे.
- पाइपांचे जोड: प्रत्येक जोडात रबराची ओ-रिंग असते आणि ती वयाने कडक होते.
- कंप्रेसरचा पुढचा सील: पुलीभोवती तेल उडालेले दिसते.

हे सगळे कोरडे निघाले, तरच संशय कॉइलवर जातो. मग गॅरेजकडून तीनपैकी एक तरी पुरावा मागा. गॅसमध्ये टाकलेला चमकणारा रंग अतिनील दिव्याखाली पाणी निघण्याच्या नळीच्या तोंडाशी दिसला पाहिजे. नाहीतर इलेक्ट्रॉनिक गॅस डिटेक्टर, ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवून, एसीच्या जाळीपाशी वाजला पाहिजे. नाहीतर रिकाम्या यंत्रणेत नायट्रोजन भरल्यावर दाब उतरताना मीटरवर दिसला पाहिजे. नुसता अंदाज हा पुरावा नव्हे.

आणखी एक फसवे लक्षण लक्षात ठेवा. लांबच्या प्रवासात तासाभराने जाळीतून हवाच कमी येऊ लागते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा जोर धरते. इथे बहुधा कॉइलवर बर्फ धरलेला असतो. केबिनचा एसी फिल्टर तुंबणे, तापमान सांगणारा सेन्सर बिघडणे किंवा गॅस कमी असणे ही त्याची कारणे. फिल्टर तर तुम्ही स्वतःच ग्लोव्ह बॉक्समागून पाच मिनिटांत बदलू शकता.

हीटर गरम होत नसेल तर इंजिन तापल्यावर कॉइलकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना सांभाळून हात लावा. दोन्ही गरम असतील तर कूलंट वाहते आहे आणि दोष फ्लॅपमध्ये आहे. एक गरम, एक थंड असेल तर कॉइल चोक आहे किंवा नळीवरचा व्हॉल्व्ह बंद आहे. चोक झालेली कॉइल अनेकदा बागेच्या नळीने, कमी दाबाने, उलट दिशेने धुऊन मोकळी होते. नवी घेण्यापूर्वी हा उपाय जरूर करून पाहा.

घरी करायचे का? निर्णयाची कसोटी

पुढील प्रश्नांना 'हो' म्हणता येत असेल तरच काम अंगावर घ्या.

- दोन-तीन दिवस गाडीशिवाय चालेल का?
- सावलीत, सपाट, हवेशीर जागा आहे का? गृहसंकुलाच्या तळघरातले पार्किंग चालणार नाही, कारण एसीचा गॅस हवेहून जड असतो आणि खाली साचतो.
- तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल हाती आहे का? व्हिडिओ पूरक म्हणून ठीक, पण तो तुमच्याच वर्षाच्या मॉडेलचा असेल असे नाही.
- डॅशबोर्ड उचलायला दुसरा माणूस आहे का?
- एअरबॅगच्या तारा ओळखता येतात का?

शेवटच्या प्रश्नाला बगल देऊ नका. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही. म्हणजे अलीकडच्या जवळपास प्रत्येक गाडीत डॅशबोर्ड उतरवणे म्हणजे स्फोटक भुकटी असलेल्या दोन पिशव्यांपाशी काम करणे. बॅटरीची ऋण तार काढल्यानंतर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो सहसा काही मिनिटांचा असतो, पण दहा मिनिटे थांबल्याने काही बिघडत नाही. एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. काढलेली एअरबॅग दर्शनी बाजू वर करून ठेवा आणि तिच्यावर काहीही ठेवू नका. तिच्या तारांना मल्टीमीटर तर अजिबात लावू नका.

थेट नकार द्यायची गाडी: हायब्रीड आणि इलेक्ट्रिक. त्यांचा कंप्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो (नारिंगी तारा) आणि त्यात वेगळे तेल लागते. साध्या गाडीचे पीएजी तेल चुकून गेले तर विद्युतरोधन बिघडते. काही इलेक्ट्रिक गाड्यांत हाच एसी बॅटरीही थंड ठेवतो. ही कामे प्रशिक्षित कारागिराकडेच द्या.

हीटर कॉइल बदलण्याच्या पायऱ्या

1. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते कूलंट दाबाने अंगावर येते.
2. कूलंट भांड्यात काढा. गटारात सोडू नका, उघड्यावर ठेवू नका. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर उठते.
3. बॅटरी सोडवा. त्याआधी म्युझिक सिस्टिमचा कोड टिपून ठेवा.
4. इंजिनच्या बाजूने नळ्या काढा. जुनी रबरी नळी ओढाताण करून काढली तर कॉइलचा पाइप वाकतो. नळी नवीच टाकायची असेल तर ती लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढा.
5. डॅशबोर्ड उतरवा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. इडलीपात्राच्या खळग्यांत टप्प्याटप्प्याने ठेवले तर जुळवणी करताना घोळ होत नाही. स्टिअरिंग काढणार असाल तर चाके सरळ ठेवा आणि आतली फिरकी वायर फिरणार नाही याची काळजी घ्या.
6. कॉइल काढा. आत उरलेले कूलंट सांडेल म्हणून आधी जुन्या टॉवेलची घडी अंथरा.
7. नवी कॉइल बसवण्याआधी तपासा. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हातपंपाने हलका दाब द्या आणि पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडा आला तर दुकानात परत. डॅशबोर्ड लावल्यावर हे कळण्यापेक्षा आता कळलेले बरे.
8. फोमच्या पट्ट्या नव्या लावा. त्या राहिल्या तर हवा कॉइलच्या बाजूने निसटते आणि नवा भाग असूनही हीटर कोमट राहतो.
9. डॅशबोर्ड बसवण्यापूर्वी कूलंट भरून दाब-चाचणी करा. रेडिएटरच्या झाकणाजागी बसणारा हातपंप भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजकडून मिळतो. झाकणावर छापलेल्या दाबापलीकडे जाऊ नका. त्यासाठी इंजिन सुरू करण्याची गरज नाही आणि करूही नका. एअरबॅगच्या तारा सुट्या असताना चावी फिरवली तर तिचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर शोधावा लागतो.
10. हवा काढा. सगळे जोडल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, मॅन्युअलप्रमाणे हवा बाहेर पडू द्या, थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा. आत अडकलेला हवेचा फुगा इंजिन तापवतो आणि हेड गॅस्केटपर्यंत खर्च नेतो.

कूलंट निवडताना रंगावर भिस्त ठेवू नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. मॅन्युअलमधला प्रकार पाहा आणि तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने नवी कॉइलही लवकर चोक होते.

तात्पुरता मार्ग: कोकण किंवा मुंबईसारख्या भागात हीटर क्वचितच लागतो. फुटलेल्या हीटर कॉइलच्या दोन नळ्या बाहेरच एकमेकींना जोडून कूलंटची वाट वळवता येते. अनेक गॅरेज हे अर्ध्या तासात करतात आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाला त्याचा त्रास होत नाही. पण मॅन्युअल आधी पाहा. घाटात धुके असताना काच मोकळी करायला हीटर लागतो, हेही विसरू नका.

कूलिंग कॉइल: घर आणि गॅरेज यांची वाटणी

पहिला टप्पा, गॅरेज. गॅस यंत्राने काढून घ्या. पिन दाबून हवेत सोडू नका. डोळ्यांत किंवा हातावर गेला तर त्वचा गोठते, ज्योतीजवळ आला तर त्याचे विषारी वायू बनतात. शिवाय एक किलो आर-१३४ए हवा तापवण्यात सुमारे १,३०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा असतो. म्हणजे छोट्या गाडीतला चारशे ग्रॅम गॅस अर्ध्या टनाएवढा. यंत्रावर किती ग्रॅम गॅस निघाला ते लिहून घ्या. बॉनेटखालच्या स्टिकरवरील आकड्याशी तुलना केली की गळतीचा वेग समजतो.

दुसरा टप्पा, घर. डॅशबोर्डचे काम हीटर कॉइलसारखेच. एसीसाठी याखेरीज एवढे सांभाळा:

- पाइप सुटताक्षणी दोन्ही तोंडे टोपणाने किंवा प्लॅस्टिक व टेपने बंद करा. कंप्रेसरचे तेल हवेतले बाष्प वेगाने शोषते. पावसाळ्यात तर हे काम टाळलेलेच बरे.
- कॉइलबरोबर एक्सपान्शन व्हॉल्व्ह, सर्व ओ-रिंग आणि फिल्टर-ड्रायर बदला. ड्रायर उघडा राहिला की त्यातले शोषक दाणे ओलाव्याने भरून निकामी होतात.
- ओ-रिंग एसीच्याच मापाच्या आणि प्रकारच्या घ्या. नळाच्या वॉशरचे रबर इथे टिकत नाही. बसवताना तेलाचा एक थेंब लावा.
- जुन्या कॉइलसोबत तेलही बाहेर गेलेले असते. मॅन्युअलमध्ये दिलेले प्रमाण, साधारणपणे ३० ते ५० मिलिलिटर, नव्या कॉइलमध्ये टाका. तेलाचा प्रकार कंप्रेसरवरच्या लेबलाप्रमाणेच असू द्या.
- डब्यातली पाने आणि ओला गाळ काढा. नव्या कॉइलचे ॲल्युमिनियम खाणारा पहिला शत्रू तोच.

तिसरा टप्पा, पुन्हा गॅरेज. गाडी चालवत न्यायची का, हे कंप्रेसरवर ठरते. क्लच असलेला असेल तर एसी बंद ठेवून जाता येते. क्लच नसलेला कंप्रेसर इंजिनाबरोबर सतत फिरतो आणि गॅसशिवाय त्याचे नुकसान होऊ शकते. अशा वेळी गाडी टो करा किंवा व्हॅक्यूम पंप आणि सिलिंडर घेऊन घरी येणारा एसी मेकॅनिक बोलवा. तुमच्यासमोर त्याने हे करावे:

1. निदान अर्धा तास व्हॅक्यूम. त्यामुळे आतला ओलावा वाफ होऊन निघतो.
2. पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटे वाट पाहणे. काटा परत फिरला तर कुठेतरी गळती आहे आणि गॅस भरण्यात अर्थ नाही.
3. वजनकाट्यावर मोजून गॅस. छोट्या गाड्यांत सहसा ३५० ते ५०० ग्रॅम लागतो, पण अंतिम शब्द स्टिकरचा. 'पाइपाला हात लावून' भरणे म्हणजे अंदाजपंचे. जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

व्हॅक्यूम दाखवणाऱ्या काट्याबाबत एक गोष्ट. मुंबईत समुद्रसपाटीला पूर्ण व्हॅक्यूमचे वाचन जवळपास ३० इंच येते. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, तेच वाचन २८ च्या आसपास थांबते आणि महाबळेश्वरला साडेपंचवीसच्या. पुण्यात काटा तिसावर जात नाही म्हणून पंप खराब ठरवू नका आणि मेकॅनिकशी भांडू नका.

गॅस आणि 'जादूचे' उपाय

स्वस्त गॅसच्या नावाखाली स्वयंपाकाचा किंवा तसाच ज्वलनशील वायू भरणारे आहेत. तो थंडावा देतो, पण गळती झाली तर तो केबिनमध्येच शिरतो आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. बनावट गॅसचा धोका किती मोठा, हे २०११ मध्ये जगाने पाहिले. मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस जहाजी शीतकंटेनरांत भरला गेला होता. ॲल्युमिनियमशी संयोग होऊन हवेत आपोआप पेटणारे रसायन तयार झाले आणि झालेल्या स्फोटांत कामगार दगावले. गाडीची कॉइलही ॲल्युमिनियमचीच असते. म्हणून सीलबंद सिलिंडर पाहूनच गॅस भरा.

काही नव्या आणि आयात गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. त्याचे जोड वेगळे असतात. 'ॲडॉप्टर लावून जुना भरतो' म्हणणाऱ्याला नकार द्या.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांपासूनही सावध राहा. एसीतले सीलंट पुढे गॅस काढण्याचे यंत्रच तुंबवते आणि चांगले गॅरेज अशी गाडी घ्यायला तयार होत नाही. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ट्रकवाल्यांचा जुना उपाय हायवेवर एक वेळ घरी पोहोचवतो. पण ती हळद सर्वांत आधी बसते ती हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांत.

गॅरेजला देणार असाल तर तुमचे हक्क

डॅशबोर्डचे काम नको असे ठरवलेत, तर तेही शहाणपणाचेच. पण व्यवहार कागदावर ठेवा.

- अंदाजपत्रक लेखी घ्या. सुटा भाग, मजुरी, गॅस आणि ड्रायर हे वेगवेगळे लिहून मागा. डॅशबोर्डच्या कामात मजुरी भागापेक्षा जास्त असू शकते. म्हणून स्वस्त कॉइल बसवून काहीच वाचत नाही. ती वर्षभरात गळली तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.
- जुना भाग परत मागा. गळतीची जागा कॉइलवर दाखवायला सांगा.
- पार्ट नंबरसह जीएसटी बिल घ्या. भागाची आणि कामाची वॉरंटी किती महिने, तेही त्यावर लिहून घ्या.
- वॉरंटीची भीती. बाहेर हात लावला की सगळी वॉरंटी गेली, असे अनेकांना सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुली करण्यास सांगितले. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटींवरही बोट ठेवले. प्रकरण पुढे अपिलात गेले. व्यवहारात मात्र गाडी वॉरंटीत असताना कॉइल गळली तर आधी कंपनीच्या केंद्राकडेच जा. काम मोफत होत असेल तर पाना हातात घेण्याचे कारणच नाही. आणि तुम्ही केलेल्या कामातून बिघाड झाला तर त्याची भरपाई कंपनी देणार नाही, हेही गृहीत धरा.
- विमा. झिजेने गळलेली कॉइल नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाही. अपघातात पुढचा भाग चेपून कंडेन्सर किंवा कॉइल फुटली तर दावा करता येतो. त्यासाठी सर्व्हेअर येण्याआधी काही उघडू नका.
- तक्रार. आधी गॅरेजला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने न भागल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. ग्राहक व्यवहार विभागाच्या 'राइट टू रिपेअर' या पोर्टलवर, जे डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, वाहन क्षेत्रातल्या कंपन्यांचीही दुरुस्तीविषयक माहिती मिळते.

परदेशातल्या वाचकांसाठी

अमेरिकेत स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करण्याची मुभा मोठी आहे आणि आर-१३४ए चे छोटे डबे दुकानात मिळतात. पण गॅस जाणूनबुजून हवेत सोडणे तिथे बेकायदा आहे. युरोपीय संघात गाडीच्या एसीचा गॅस काढायला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. न्यू जर्सीच्या जानेवारीत हीटर ही चैन नसते, काचेवरचे दव त्याच्याशिवाय जात नाही. त्यामुळे नळ्या जोडून वाट वळवण्याचा इथला तात्पुरता मार्ग तिथे उपयोगाचा नाही.

काम झाल्यावर पहिला महिना

1. पहिल्या दिवशी चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, ते पाहा. विझला नाही तर गाडी वापरण्याआधी कारण शोधा.
2. मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून तापमान लिहून ठेवा. खिडक्या बंद, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू आणि गाडी चालती असू द्या. महिन्याने त्याच परिस्थितीत पुन्हा मोजा. आकडा चढला असेल तर गॅस पुन्हा गळतो आहे.
3. पहिला आठवडा रोज सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा.
4. गाडीखाली एसीचे पाणी पडते आहे का, तेही बघा. पडत नसेल तर जुळवणीत नळी जागेवर बसलेली नाही.
5. किती ग्रॅम गॅस, कोणते तेल, किती मिलिलिटर आणि तारीख हे बॉनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून चिकटवा. पुढचा मेकॅनिक कोणीही असो, त्याला अंदाजाने गॅस भरावा लागणार नाही.